रानजायफळाचं लग्न

गेल्या वर्षी आमच्या देवराईतच भरलेल्या ग्रामसभेला तिथलं रानजायफळाचं झाड आलं आणि म्हणालं, "माझं लग्न लावून द्या."

मागणी रास्त होती. ह्या जातीत नर झाड वेगळं, मादी वेगळी. हा आमच्याकडचा शेवटचा नर. मादीही एकच उरलेली, ओढ्यापलीकडे आंबेशेतच्या देवराईत. "मी गेलो की वंश बुडाला," तो म्हणाला आणि वर आलेली मुळं मुडपून सतरंजीवर बसला. मला भरून आलं. पण मी सरपंच. विषय रीतसर चर्चेला घेतला.

भिवा गुरव उठला. "वैनी, देवराईतली वाळकी काटकीसुद्धा आपण बाहेर नेत नाही. अख्खा नवरदेव कसा न्यायचा? आंबेशेतवालेही मुलगी बाहेर सोडायचे नाहीत."

देवीला कौल लावला. पाकळी डावीकडे पडली. नाही म्हणजे नाही.

"मग मला बाहेर काढूच नका," नवरदेव म्हणाला. "सीमा सरकवा."

दोन देवरायांच्या मधे फक्त आमची काजूची बाग. ती देवराईत घेतली की दोघं आतल्या आत भेटणार. पण देवराईतलं फळ तोडायचं नसतं, त्यामुळे आमचे हे भडकले. "बाग माझ्या बापाने लावलीय! लग्न ह्याचं आणि भुर्दंड मला?"

"अहो, तुमची वरात आत यावी म्हणून माझ्या बाबांनी परसाची भिंत पाडली होती," मी म्हटलं. "ते काही बोलले?"

पुन्हा कौल लावला, पाकळी उजवीकडे पडली. भिवाने बागेच्या टोकाला नारळ फोडला आणि सीमा सरकली. दोन्हीकडची मंडळी सावकाश चालत ओढ्यापाशी आली. लग्न झकास झालं.

फक्त नारळ फुटला तेव्हा हे बागेतच उभे होते, काजूंना शेवटचं बघत. म्हणजे तेही देवराईचे झाले. आता त्यांना बाहेर आणता येत नाही. मी रोज जेवण घेऊन जाते. डबेही तिथेच राहतात, त्यामुळे घरात भांड्यांची ओढाताण असते. "मजेत आहे गं मी," हे म्हणतात, आणि दिसतातही तसे. मला मात्र घर खायला उठतं.

यंदा ओढ्याकाठी रानजायफळाची रोपं उगवली. हे एकेकाला नावाने हाक मारतात. रोपांना जागा हवी, म्हणून सीमा आमच्या घरापर्यंत आणायचा ठराव परवा एकमताने झाला.

भिवाने काळजीने विचारलं, "वैनी, नारळ फोडायच्या आधी घराबाहेर याल ना?"

"तू फोड रे बाबा," मी म्हटलं. "मी ओटीवर भाजी निवडत बसलेली असेन."