एवाल्ड सांगेपर्यंत

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी एवाल्ड क्रेमरच्या गॅरेजात लाल गाडीचं ब्रेक पेडल तळाला गेलं आणि तिथेच राहिलं. पेडलवर पाय होता रोझविथाचा, म्हणजे एवाल्डच्या बायकोचा. आणि तो पाय काढायला ती तयार नव्हती!

गाडीत बिघाड काहीच नव्हता. उलट सकाळी आठ वाजता एवाल्डने कुंपणावरून शेजारच्या नॉर्बर्टला छातीठोकपणे सांगितलं होतं, "दोन तासांचं काम! ब्रेकच्या चार नळ्या, एक लिटर तेल. साडेदहाला हात धुऊन बटाट्याची धिरडी खात असेन!"

"माझं हवा काढायचं यंत्र घेऊन जा," नॉर्बर्ट म्हणाला. "एकट्याने काम होतं."

"यंत्र? चौतीस वर्षं आम्ही दोघं करतोय. रोझी वर, मी खाली."

"अरे, पण आता रोझीला..."

"तिला स्वयंपाकघर सापडत नाही, मान्य. पेडल सापडतं!"

पेडल सापडलं, हेही खरं. एवाल्डने रबराच्या जुन्या नळ्या काढून पोलादी जाळीच्या नव्या बसवल्या, त्यांचं प्रमाणपत्र गाडीच्या कप्प्यात ठेवलं, आणि रोझविथाला हाताला धरून चालकाच्या जागी बसवलं. पुढचं काम चार शब्दांचं. "दाब!" म्हटलं की तिने पेडल दाबायचं आणि "दाबलं!" म्हणायचं. मग एवाल्डने चाकामागची, तेल बाहेर सोडायची चावी सैल करायची. जुनं तेल, त्यातली हवा, सगळं बाहेर. चावी घट्ट झाली की "सोड!" आणि "सोडलं!" चावी उघडी असताना पाय सुटला तर हवा परत आत ओढली जाते आणि सगळं काम पहिल्यापासून.

नेमकं हेच एकदा घडलं होतं. नव्वद सालच्या वसंतात कुणीतरी दारातून गंमत म्हणून "सोड!" असं ओरडलं, रोझविथाने पाय सोडला आणि सबंध दुपार पाण्यात गेली. तेव्हा एवाल्डने पाना नाचवत तिला बजावलं होतं, "प्रत्यक्ष देव येऊन म्हणाला तरी मी सांगेपर्यंत पाय सोडायचा नाही!" ती "बरं" म्हणाली होती. तिचं "बरं" म्हणजे दगडावर कोरलेलं.

एवाल्ड चाळीस वर्षं शाळेची बस चालवत होता. मुलं त्याला गोगलगाय म्हणत. रविवारी मात्र तो आणि रोझविथा लाल गाडी घेऊन रिंगवर जात. डोंगरातली वीस किलोमीटरची शर्यतीची वाट, सुट्टीच्या दिवशी कुणालाही खुली. रोझविथाला त्या वाटेची सगळी वळणं नावानिशी पाठ. गेल्या ऑक्टोबरात पुलाकडच्या उतारावर पेडल मऊ पडलं, लोण्यात बोट जावं तसा पाय आत गेला. गाडी कशीबशी थांबली तेव्हा ती म्हणाली, "एवाल्ड, नव्या नळ्या टाक. नाहीतर मी बसणार नाही." पूर्ण भानावर असतानाचं तिचं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर हिवाळा आला आणि तिच्या डोक्यातली एकेक खोली बंद होत गेली. सोमवारी दहा वाजता तिला आडेनाऊच्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरलं होतं. त्याआधीचा रविवार, म्हणजे उद्या, रिंग उघडणार होती. एवाल्डला तिच्यासोबत एक फेरी हवी होती. एकच.

मागचं उजवं चाक झकास झालं. मागच्या डाव्याला तिने "दाबलं!" म्हटलं, एवाल्डने चावी उघडली, बंद केली आणि म्हणाला, "सोड!"

पेडल वर आलं नाही.

"रोझी, सोड!"

"तुम्ही मला रोझी म्हणू नका," गाडीतून आवाज आला. "तुमचं काम चालू द्या. पण पाय मी माझ्या नवऱ्याने सांगितल्यावरच सोडणार."

एवाल्ड गाडीखालून बाहेर सरकला. तोंडाला काळं, डोक्याला टोपी. रोझविथाने त्याच्याकडे पाहिलं, ते गॅसच्या मीटरचा आकडा बघायला आलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"मीच तुझा नवरा आहे."

"सगळे मेकॅनिक असंच म्हणतात."

सव्वाअकराला नॉर्बर्टला बोलावण्यात आलं. तो खिडकीत वाकला आणि मधाळ आवाजात म्हणाला, "रोझी, सोड की आता!"

"नॉर्बर्ट! नव्वद सालीही तूच ओरडला होतास! पुन्हा फसणार नाही मी!"

नॉर्बर्टचा चेहरा पडला. एवाल्डचा त्याहून जास्त. म्हणजे शेजारी ओळखू येतो, चौतीस वर्षांपूर्वीचा गुन्हाही आठवतो, आणि नवरा तेवढा मेकॅनिक!

"तोंड धू," नॉर्बर्टने सुचवलं. "आणि ते जुनं जाकीट घाल. रिंगवरचं."

एवाल्डने तोंड धुतलं, केस विंचरले, माळ्यावरून निळं जाकीट काढलं आणि नवरदेवासारखा पुढच्या फाटकातून आत आला. "रोझी, मी आलो. सोड."

रोझविथाने त्याला नीट न्याहाळलं. मग तिचा हात हॉर्नवर पडला तो उठेचना! "चोर! माझ्या नवऱ्याचं जाकीट घातलंय याने! काढा ते! जागच्या जागी ठेवा!"

समोरच्या घराची खिडकी उघडली. कुत्री भुंकली. बारा वाजता गावातला आगीचा भोंगा वाजला, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी चाचणीसाठी वाजतो तसा, पण अख्ख्या गल्लीला वाटलं की क्रेमरकडेच आग लागली! एवाल्ड जाकीट काढून खुंटीला लावून आला, तेव्हा कुठे हॉर्न थांबला.

तिचं पाऊल मात्र थरथरू लागलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचं पाऊल, सव्वा तास पेडल दाबून धरलेलं. एवाल्डने निमूटपणे उशी आणून तिच्या मांडीखाली सरकवली.

"तुम्ही सभ्य आहात हो," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याला हे सुचलं नसतं."

"नसतं सुचलं," एवाल्ड म्हणाला.

"तोंड पटत नाही तर फोन करून बघ!" नॉर्बर्ट चिडून म्हणाला. तो नुसता टोमणा होता. पण एवाल्डने त्याच्याकडे पाहिलं, घरामागे गेला आणि नंबर लावला. रोझविथाच्या गळ्यात मोठ्या बटणांचा फोन होता, त्यात एकच नंबर.

"एवाल्ड!" तिचा आवाज एकदम उजळला. "अरे, आहेस कुठे तू? इथे एक मेकॅनिक आलाय. कळकट आहे जरा. पण हात चांगला आहे त्याचा."

एवाल्ड भिंतीला टेकला. "रोझी, सोड."

"सोडलं!"

उरलेलं काम मग फोनवर झालं. एवाल्ड गाडीखाली फोन कानाला लावून, ती गाडीत फोन कानाला लावून, दोघांत अंतर दोन मीटर.

"दाब!"

"दाबलं! तू कधी येतोयस?"

"सोड. उशीर होईल."

"सोडलं! नेहमीचंच आहे तुझं."

नॉर्बर्ट तेलाची बाटली धरून उभा होता. एकदा त्याने बाहीने डोळे पुसले आणि कुणी विचारलं नसताना सांगितलं, "तेल उडालं." एक वाजून वीस मिनिटांनी पेडल दगडासारखं घट्ट झालं.

"मेकॅनिकला धिरडी देऊ का?" रोझविथाने फोनवर विचारलं.

"दे."

एवाल्ड स्वतःच्या टेबलाशी पाहुण्यासारखा अवघडून बसला. नॉर्बर्टने तळलेल्या पाच धिरड्यांपैकी तीन तिने मेकॅनिकला वाढली, वर सफरचंदाचा गर घातला. दोन झाकून ठेवली. "ही एवाल्डची. गार आवडतात त्याला."

एवाल्डला गार धिरडी कधीच आवडली नव्हती. चौतीस वर्षं तो उशिरा येत होता, एवढंच.

रविवारी सकाळी त्याने ती दोन गार धिरडी खाल्ली. समोर बसलेली रोझविथा म्हणाली, "एवाल्ड, रस्ता कोरडा आहे आज. चल!" तो इतक्या घाईने उठला की खुर्ची पडली. वाटेत ती एकेक वळण म्हणत होती, क्रमाने, न चुकता. दहा वाजून वीस मिनिटांनी गाडी रिंगच्या अडसराशी रांगेत उभी राहिली. पुढे नऊ गाड्या. मग आठ. एवाल्डने उन्हासाठी टोपी घातली.

घालायला नको होती.

"तुम्ही चालवणार?" शेजारून आवाज आला. "एवाल्ड कुठाय?"

त्याने टोपी काढली. उपयोग झाला नाही.

पिवळ्या जाकिटातला अडसरवाला खिडकीशी आला. "पुढे घ्या, साहेब!"

"आम्ही माझ्या नवऱ्यासाठी थांबलोय," रोझविथाने त्याला समजावलं. "हे फक्त मेकॅनिक आहेत."

एवाल्डने गाडी बाजूला घेतली, उतरला, सॉसेजच्या टपरीमागे गेला आणि नंबर लावला.

"रोझी, ऐक. मेकॅनिकबरोबर एक फेरी मारून ये. नळ्या नव्या आहेत. चांगला चालवतो तो."

"आणि तू?"

नळ्या, तेल, प्रमाणपत्र, हवेचा दाब, या सगळ्याची तयारी एवाल्डने केली होती. या प्रश्नाची केली नव्हती.

"मी... येतोच आहे."

"मग तू येईपर्यंत मी धरून ठेवते," रोझविथा म्हणाली.

शेजारच्या जागेसमोर पेडल नसतं. तरी टपरीच्या कोपऱ्यावरून दिसत होतं, की तिने सीटला पाठ घट्ट लावली आहे आणि उजवा गुडघा ताठ केला आहे.

रविवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी लाल गाडी अडसराच्या अलीकडे, बाजूला उभी होती. दोघांपैकी कुणीही फोन ठेवला नव्हता. एवाल्डच्या फोनची बॅटरी अकरा टक्के होती.