भूगोल वेळेवर सुटला

आपल्या मुलीचा नववीचा अभ्यासक्रम आपणच आखायचा, असं वेळापत्रकवाल्यांनी चहा पिता पिता ठरवलं. निर्णय तसा छोटा होता. कपसुद्धा पुरता रिकामा झाला नव्हता. पण घरातली बरीच मोठी संकटं अर्ध्या कपातच जन्माला येतात, असा आमचा अनुभव आहे.

वेळापत्रकवाले म्हणजे शहराच्या बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं करणारे गृहस्थ. कोणती गाडी कधी सुटणार, कुठे किती थांबणार, कोणत्या चालकाला जेवायला कधी सोडायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यातून कागदावर उतरतं. (कागदावरून रस्त्यावर उतरताना त्याचं काय होतं, ते थांब्यावर उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. त्यांना विचारू नका, त्यांच्या मनाला लागतं.) 

त्यांच्या लेकीला घरात 'पणका' म्हणत. कारण बोलायला लागल्यापासून तिचं प्रत्येक बोलणं 'पण का?' या दोन शब्दांवर येऊन थांबायचं. पाणी उकळताना आवाज करतं. पण का? आजोबांना जवळचं दिसत नाही. पण का? पाहुणे कंटाळून निघायचे, आणि ती त्यांना दारापर्यंत सोडायला जायची ती 'पण का?' विचारतच. गेल्या वर्षभरात मात्र हे दोन शब्द घरात ऐकू आले नव्हते. वर्गात साठ-सत्तर पोरं, शिकवणाऱ्यांना भाग संपवायची घाई. हिने हात वर केला की आधी वर्ग हसायचा आणि मग 'सुट्टीत विचार' असं उत्तर यायचं. हळूहळू हात वर होणं बंद झालं. आता ती शाळेतून यायची, दप्तर ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. एके संध्याकाळी तिने एवढंच विचारलं, "बाबा, मी घरीच शिकले तर चालेल?"

वेळापत्रकवाल्यांच्या पोटात तुटलं. आणि त्यांच्या पोटात तुटलं की ते आराखडा करायला बसतात.

"अहो, पण शिकवणार कोण?" पणकाच्या आईने विचारलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करत असे, त्यामुळे पुरावा पाहिल्याशिवाय तिचा कशावरही विश्वास बसत नसे.

"शिकवण्याचं नंतर बघू गं. आधी वेळापत्रक पक्कं पाहिजे. गाडी वेळेवर सुटली की प्रवासी आपोआप पोचतो."

"आपोआप पोचत असता तर मी रोज चालत गेले नसते."

शेवटी प्रकरण थोरल्या बहिणीकडे गेलं. वेळापत्रकवाल्यांची ताई, म्हणजे पणकाची आत्या, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. निवृत्त झाली ती नोकरीतून, मुख्याध्यापिकापणातून नाही. घरी आली की तिच्या समोर खुर्च्यासुद्धा सरळ रांगेत उभ्या राहतात. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"परीक्षा बाहेरून देता येते, ते मला माहीत आहे. पण रविवारी मी येऊन बसणार. सकाळपासून जेवणापर्यंत अभ्यास कसा चालतो ते डोळ्यांनी बघणार. पटलं तर घरी शिकवा. नाही पटलं, तर सोमवारी पोरगी शाळेत. कबूल?"

"कबूल," वेळापत्रकवाले म्हणाले. आईने त्याच संध्याकाळी पणकाचा गणवेश इस्त्री करून दाराच्या खुंटीला टांगून ठेवला. पणका जाता-येता त्याच्याकडे बघायची आणि पुढे जायची.

मग वेळापत्रकवाल्यांनी कंबर कसली. आठवडाभर आगारातून आले की ते जेवणाचं टेबल अडवून बसत, आणि बाकीचं घर ताटं मांडीवर घेऊन जेवत असे. त्यांनी पणकाचं वर्ष मार्गांमध्ये विभागलं. गणित जलद सेवा. इतिहास सर्व थांबे घेत जाणारा. विज्ञानाला गर्दी होणार म्हणून दोन जादा फेऱ्या. भाषा ही राखीव गाडी, कुठलाही विषय बंद पडला की तिथे पाठवायची. प्रत्येक विषयाला रंग, प्रत्येक रंगाला खूण. कागद जोडत जोडत तक्ता एवढा वाढला की तो भिंतीवर मावेना. तेव्हा त्याचं उरलेलं टोक दारावर चिकटवलं. दार उघडलं की वर्षातले शेवटचे तीन महिने स्वयंपाकघरात जात.

"बाबा, यात मी कुठे आहे?" पणकाने विचारलं.

"तू? तू सगळीकडे आहेस की!"

"नाही, म्हणजे एखादी गोष्ट कळलीच नाही, तर मी कुठे थांबू?"

"थांबायचं नाही. उशीर होतो."

पणका गप्प बसली. वेळापत्रकवाल्यांना वाटलं, तिला पटलं. (नवऱ्यांना आणि बापांना समोरचा गप्प बसला की नेहमी असंच वाटतं.)

रविवार उजाडला. आत्या येऊन खुर्चीत बसली. वेळापत्रकवाल्यांनी गळ्यात आगारातली शिट्टी अडकवली होती आणि हातात घड्याळ धरलं होतं. आईने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा शिट्टीकडे, आणि ती भाजी चिरायला आत निघून गेली.

पहिली फेरी इतिहासाची. ती सुरळीत सुटली, पण मध्येच आत्याने "हा सन चुकलाय" म्हणून गाडी अडवली. सन बरोबर करेपर्यंत पुढच्या विषयाची वेळ झाली. वेळापत्रकवाल्यांच्या कपाळावर घाम आला. आगारात याला एक नेहमीचा उपाय असतो. गाडी उशिरा धावत असली की ती शेवटच्या थांब्यापर्यंत न्यायची नाही. अर्ध्यावरूनच परत फिरवायची. पुढच्या थांब्यांवरचे लोक ओरडतात, पण वेळापत्रक सावरतं. तोच उपाय त्यांनी भूमितीला लावला.

शिट्टी वाजली. पणकाने वही वर केली. "बाबा, सिद्धता अर्धीच झालीय."

"राहू दे. इथूनच फिरव."

"सिद्धता कशी फिरवायची?"

"उरलेली उद्या पहिल्या फेरीला उचलू. चल, भूगोल!"

आत्याने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. तिच्या हाताखाली ज्यांनी नोकरी केली, त्यांना या पुसण्याचा अर्थ माहीत होता.

भूगोलात नदीचा धडा होता. हा एक धडा पणकाने स्वतः मांडून घेतला होता. इमारतीच्या डागडुजीसाठी फाटकापाशी वाळूचा ढीग पडला होता. त्यातली बादलीभर वाळू आणून तिने न्हाणीघरात उतार केला होता, वाळू मोरीत जाऊ नये म्हणून भोकात फडकं कोंबलं होतं, आणि नळाची बारीक धार सोडून ती उकिडवी बसून बघत होती. धार वाळूतून वाट काढत होती, वळत होती, एका काठाला खात होती आणि दुसऱ्या काठाला वाळू टाकत होती. पणकाचा चेहरा पार बदलला होता. तिने तोंड उघडलं, काहीतरी विचारणार एवढ्यात शिट्टी वाजली.

"भूगोल सुटला! विज्ञान!"

"बाबा, एक मिनिट, नदी..."

"नदी उद्या."

"पण नळ..."

"सगळं उद्या!" म्हणत त्यांनी तिचा दंड धरून तिला बाहेर आणलं आणि दार लावून घेतलं. त्या क्षणी, दिवसात पहिल्यांदाच, सगळे विषय वेळेवर धावत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहून असा काही श्वास सोडला, की बघणाऱ्याला वाटावं, यांनीच गाडी घाट चढवून आणली.

विज्ञानाची फेरी निम्मी झाली असेल, तोच दाराची घंटी वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे, चष्म्यांचं दुकान चालवणारे चष्मेवाले काका उभे होते. बाहेर लख्ख ऊन होतं. काकांच्या डोक्यावर छत्री होती आणि छत्रीतून पाणी ठिबकत होतं.

"साहेब," ते फार शांतपणे म्हणाले, "आमच्या दिवाणखान्यात पाऊस लागलाय. तुमच्याकडे कसं काय हवामान आहे?"

सगळे न्हाणीघराकडे धावले. दार उघडताच नदी बाहेर आली. आईने पाण्यातून जाऊन नळ बंद केला आणि मोरीतलं फडकं उपसलं. आत्याने पाय खुर्चीवर घेतले. एवढ्या वर्षांच्या मुख्याध्यापिकापणात तिने पहिल्यांदाच असं केलं असावं. वेळापत्रकवाले मात्र तक्त्याचं खालचं टोक भिजू नये म्हणून ते उचलून धरून उभे राहिले, आणि दुसऱ्या हाताने काय करावं हे त्यांना सुचेना.

"अहो, पोछा घ्या!"

"घेतो गं, पण मार्च भिजतोय!"

खाली जाऊन पाहिलं तर काकांच्या छताला मोठा ओला डाग पडला होता आणि त्याच्या मधोमध थेंब लोंबत होता. वेळापत्रकवाल्यांनी मान खाली घातली. आता आत्या काय बोलणार ते उघड होतं. गणवेश खुंटीवर तयारच होता. माझ्याच हाताने घालवलं, असं त्यांना वाटलं.

आणि मागून आवाज आला. "पण का?"

सगळ्यांनी वळून बघितलं. पणका छताकडे बघत होती. "आमचं न्हाणीघर तर तिकडे आहे, काकांच्या स्वयंपाकघरावर. मग पाणी इथे दिवाणखान्यात कसं आलं? सरळ खाली का नाही पडलं?"

काकांनी छत्री मिटली. "खरंच की. हे माझ्या लक्षातच नाही आलं."

"काका, गोटी आहे का घरात? नाहीतर गोल काहीही."

काकांनी कपाटातून नातवाची गोटी काढून दिली. पणका धावत वर गेली, न्हाणीघराच्या दारात गोटी सोडली आणि ती कुठे जाते ते बघून धावत खाली आली. मग पुन्हा वर, पुन्हा खाली. आमच्या फरशीला या बाजूला उतार आहे. मग काकांच्या फरशीला पण आहे का? नाहीये! पण का? इमारत एका बाजूला खचतेय की फक्त फरशी बसवणाऱ्याने चूक केली? तुळई कुठे आहे? पाणी तुळईपाशी अडून मग गळतं का? काकांनी दुकानातलं भिंग आणलं आणि दोघं टेबलावर चढून छताची भेग बघू लागली. आई अर्धी चिरलेली भाजी वर तशीच टाकून सुरीसकट खाली येऊन उभी राहिली. लेकीचा असा आवाज तिने वर्षभरात ऐकला नव्हता. तिने डोळे पुसले आणि कांद्यावर ढकललं. (भाजीत कांदा नव्हता.)

वेळापत्रकवाल्यांनाही भरून आलं होतं. पण सवय फार वाईट. नजर घड्याळावर गेली, भाषेची फेरी केव्हाच चुकली होती, आणि हात आपसूक शिट्टीकडे गेला.

आत्याने त्यांच्यासमोर तळहात पसरला. "दे ती."

"ताई, मी फक्त..."

"दे म्हणते ना."

त्यांनी गळ्यातून शिट्टी काढून तिच्या हातावर ठेवली. आत्याने ती पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढून घेतली.

जेवणं त्या दिवशी फार उशिरा झाली, आणि काकाही वरच जेवायला आले. जेवताना आत्या म्हणाली, "पोरीला घरीच शिकू दे. मी बुधवारी येत जाईन. विज्ञान तिची आई बघेल." आईने उठून खुंटीवरचा गणवेश काढला, त्याची घडी केली आणि तो कपाटात अगदी आतल्या बाजूला ठेवला. पणकाने आणखी भात मागून घेतला.

वेळापत्रकवाल्यांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे माझा अभ्यासक्रम पटला तुला?"

"तुझा अभ्यासक्रम खाली काकांकडे गळतोय. नवा ती आणि मी मिळून करू. एका वेळी एक प्रश्न धरायचा आणि तो सुटेपर्यंत सोडायचा नाही. लागतील ते विषय त्याच्यामागून येतील."

"आणि मी काय करू?"

ताटांवर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. एवढ्या लोकांना एकाच वेळी एवढी भूक लागलेली वेळापत्रकवाल्यांनी कधी पाहिली नव्हती. शेवटी सोय चष्मेवाल्या काकांनी लावली. छत वाळलं, की ते घासायचं, भेग बुजवायची आणि रंगाचे हात द्यायचे. वेळापत्रकवाल्यांनी ते काम ताठ मानेने स्वीकारलं आणि आगारातून आले की रोज संध्याकाळी काकांच्या घडवंचीवर चढू लागले. त्यांचा निश्चय पक्का होता. कामसुद्धा पक्कं होतं. फक्त ते हलत नव्हतं.

तिसऱ्या बुधवारी आत्या आली, तेव्हा पणका वही घेऊन खाली काकांकडे गेली होती, म्हणून आत्याही खाली उतरली. "या आठवड्याचा प्रश्न कोणता?" आत्याने विचारलं.

"काळ-काम-वेगाचा," पणका म्हणाली. "मी छताचं क्षेत्रफळ काढलंय. बाबा एका संध्याकाळी किती रंगवतात ते रोज मोजलंय. त्यावरून काम कधी संपेल ते काढलं."

आत्याने वही हातात घेऊन गणित वरून खाली तपासलं, पुन्हा खालून वर तपासलं आणि त्यावर बरोबरची खूण केली. घडवंचीवरून वेळापत्रकवाल्यांनी रंगाने माखलेली मान वळवली.

"मग? कधी संपतंय?"

"तुमच्या वेगाने ना, बाबा?" पणकाने वही बंद केली. "माझं कॉलेज संपता संपता. पण तुम्ही मध्येमध्ये पुसून पुन्हा करता, ते मी अजून धरलेलं नाही."