आवारात सर्दीस मनाई

सोमवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी श्वसनरोग संशोधन संस्थेतली सर्दी परिपत्रक काढून बंद करण्यात आली. संस्थेनं 'निरोगी कार्यस्थळ' मानांकनासाठी अर्ज केला होता. सबब पुढील नव्वद दिवस आवारात कोणासही सर्दी, पडसे, खोकला अथवा तत्सम विकार होणार नाही, याची सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी, असं त्यात म्हटलं होतं. संबंधितांमध्ये विषाणू मोडतात की नाही, याचा खुलासा नव्हता.

परिपत्रकाचा सगळ्यात जास्त धसका घेतला तो दुसऱ्या मजल्यावरच्या विषाणुतज्ज्ञ बाईंनी. चोवीस वर्षं त्या सर्दीच्याच मागे होत्या. माघारी त्यांना सगळे शिंकेबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी त्यांची मावशी "अगं, साधी सर्दी तर आहे" म्हणत कामावर जात राहिली आणि नवव्या दिवशी गेली. तीच सर्दी त्याच घरात बाईंना दोन दिवस शिंकायला लावून निघून गेली होती. एकाच विषाणूशी एकाचं शरीर हसतखेळत लढतं आणि दुसऱ्याचं हात टेकतं, ते का, हा प्रश्न बाईंनी तेव्हापासून सोडला नव्हता. आता कुठे त्यावरचा मोठा अभ्यास मंजूर झाला होता. ताजी सर्दी झालेली तीस माणसं. प्रत्येकाचा नाकातला स्वॅब आणि थोडं रक्त, पहिल्या, तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी. मुदत तीन महिने. त्यानंतर दोन महिन्यांनी बाईंची निवृत्ती.

"तीसच ना?" त्यांचे जुने तंत्रज्ञ म्हणाले. "आपल्या जिन्यावरच भेटतील की."

भेटले. पहिले भेटले हेडक्लार्क. नाक टोमॅटोसारखं लाल, डोळ्यांना धार, टेबलावर रुमालांची चळत.

"कधीपासून?" बाईंनी मायेनं विचारलं.

"काय कधीपासून?"

"सर्दी."

हेडक्लार्कांनी आधी दरवाजाकडे पाहिलं, मग बाईंकडे. "सर्दी डाही बला," ते ताठ मानेनं म्हणाले. "धूळ आहे. फायलींची."

लेखा विभागात तेरा जणांना धूळ होती. ग्रंथालयात पंख्याचं वारं लागलं होतं. शिपायांच्या खोलीत कुणाचा तरी रात्री आवाज बसला होता आणि तो अजून उठला नव्हता. घरी राहायचं तर रजेच्या अर्जावर आजार लिहावा लागे, आणि आजार लिहिला की मानांकन बुडवल्याचा ठपका. मग माणसं यायची, शेजारच्याला विषाणू द्यायची, आणि सायंकाळी 'मी निरोगी आहे' या तक्त्यावर सही करून जायची.

बाईंनी बाहेरची माणसं शोधायची ठरवली. त्यासाठी नीतिमत्ता समितीची परवानगी लागत होती. समितीचे अध्यक्ष फार सज्जन गृहस्थ. त्यांनी कागद वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले.

"आजारी माणूस गोंधळलेला असतो," ते म्हणाले. "त्याची संमती खरी कशी मानायची? म्हणून आजारी व्यक्तीनं आजारी पडण्याच्या किमान एकवीस दिवस आधी लेखी कळवायला हवं."

"सर, सर्दी कळवून येत नाही."

"तीच तर अडचण आहे या क्षेत्रात," अध्यक्ष हळहळले. "शिस्त नाही."

"आणि निरोगी माणसाचा नमुना घ्यायचा असेल तर?"

"निरोगी माणूस शहाणा असतो. त्याची जागच्या जागी सही चालते. पण तुम्हाला निरोगी कशाला हवेत?"

सत्तर दिवस गेले. जमलेली माणसं शून्य.

एकाहत्तराव्या दिवशी सकाळी बाईंच्या नवऱ्याला शिंक आली. हे निवृत्त गणित शिक्षक. आयुष्यात कधी उत्तर लपवलं नाही.

"अगं, सर्दी झाली मला," ते म्हणाले.

बाईंचे डोळे भरून आले. "अहो, खरंच? नक्की? परत एकदा म्हणा!"

"सर्दी झाली. घशात खवखव, नाक बंद. घे तुझा तो स्वॅब."

त्यांनी स्वॅब घेतला, रक्त घेतलं, आणि गेल्या सत्तर दिवसांत प्रथमच गुणगुणत संस्थेत पोचल्या. दुपारपर्यंत समितीचं उत्तर आलं: संशोधकाचा पती हा हितसंबंधी असल्यानं त्याची सर्दी ग्राह्य धरता येत नाही.

नवऱ्याची सर्दी ग्राह्य नसली तरी खरी होती. तीन दिवसांत ती बाईंना झाली. डोकं जड, घसा सोललेला. त्याच दिवशी संचालकांनी बोलावलं.

"बाई, आनंदाची बातमी. मानांकन मिळाल्यात जमा आहे. तक्त्यावर एकही आजारी नाही." संचालक बोलता बोलता थांबले, छताकडे पाहत तोंड उघडं ठेवून काही क्षण वाट पाहिली आणि आलेली शिंक मोठ्या निर्धारानं गिळली. "आता प्रश्न असा, की ज्या संस्थेत सर्दीच नाही तिथं सर्दीतज्ज्ञ कशाला, असं वरून विचारलंय. महिनाअखेर तुमचा विभाग बंद. तंत्रज्ञांना उद्यानात सामावून घेऊ."

"उद्यानात?"

"झाडांनाही विषाणू होतात म्हणे."

बाईंना भांडायचं होतं, पण तोंड उघडलं असतं तर खोकला आला असता. त्या नाक मुठीत धरून बाहेर पडल्या. दारातल्या तक्त्यावर नेहमीसारखी सही केली: मी निरोगी आहे. पेन खाली ठेवताना त्यांना स्वतःचाच हात दिसला. किती सफाईनं चालला होता तो! चोवीस वर्षं सर्दीत घालवलेली बाई, मावशीला जिनं डोळ्यांदेखत जाताना पाहिलं ती. आणि सही करताना पापणीही लवली नाही.

 मग घरी गेल्या, रजेच्या अर्जावर स्पष्ट अक्षरात 'सर्दी' लिहिलं, आणि पाच दिवस नवऱ्याशेजारी पांघरूण घेऊन पडल्या. संस्थेच्या दप्तरी त्या तिमाहीतला तो एकमेव आजार.

सहाव्या दिवशी बऱ्या होऊन आल्या त्या तंत्रज्ञांना म्हणाल्या, "फाटकाबाहेर टेबल टाका. फलक मी लिहिते."

फलकावर लिहिलं होतं: 'ज्यांना सर्दी होतच नाही अशा सुदृढ व्यक्ती हव्यात. सर्दी का होत नाही याचा अभ्यास. स्वॅब व रक्तनमुना आवश्यक. सहभागींना निरोगीपणाचं प्रशस्तिपत्रक.'

"बाई, ही तर निरोगी माणसं," तंत्रज्ञ गोंधळले. "आपल्याला काय उपयोग?"

"जागच्या जागी सही चालते," बाई म्हणाल्या. "बसा तर खरं."

अर्ध्या तासात रांग कोपऱ्यावरून वळली. शिक्षक, वकील, दुकानदार, बसचालक, नाटकातले एक नट. सगळे सुदृढ, सगळे सूं सूं करत. एक आजोबा खोकत खोकत सांगत होते, की खोकला म्हणजे काय हे त्यांनी जन्मात पाहिलेलं नाही. हेडक्लार्क आपल्या अख्ख्या विभागाला घेऊन आले. आणि सगळ्यांच्या पुढं, ओळखीचा फायदा घेऊन, संचालक.

"फोटोसाठी हो," ते म्हणाले. "बाकी मला तर बालपणापासून..." इथं ती शिंक आलीच. बाईंनी अदबीनं स्वॅब पुढं केला.

तीस नमुने दुपारच्या आत झाले. तिसाच्या तीस नमुन्यांत विषाणू. तिसऱ्या आणि दहाव्या दिवशीही सगळे न चुकता आले, कारण प्रशस्तिपत्रक दहाव्या दिवशी होतं. विभाग वाचला, विषाणू सापडलेल्यांत पहिले संचालकच असल्यानं तो बंद कोणत्या कारणानं करायचा, हे कागदावर मांडता येईना. बाईंनी निवृत्तीआधी निबंध पुरा केला. त्यात बरंच काही होतं, पण तंत्रज्ञांना एकच वाक्य पाठ झालं: विषाणू आत शिरल्याचं शरीराला काही तासांत कळतं, शरीराच्या मालकाला कळायला सरासरी दहा दिवस लागतात, तोवर तो बरा झालेला असतो आणि त्याच्या शेजारचा पडलेला.

माणसं तीसच लागणार होती. टेबल उचललं, फलक उतरवला, पण रांग काही मोडली नाही. हे वाचता वाचता 'मी बुवा त्यातला नाही' असं ज्यांनी मनाशी म्हटलं असेल, त्यांनी कृपया शेवटी उभं राहावं, पुढच्याला न चिकटता. आणि येताना नाक पुसू नये. नमुना वाया जातो.