रागाची शुद्ध मराठी

वामनभाऊ चिडले की शुद्ध मराठी बोलतात. इतर माणसं रागात शिव्या देतात. आमचे वामनभाऊ व्याकरण सुधारतात.

शेलूबाजारात त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान माझ्या वह्या-पेनांच्या दुकानाला लागून आहे. बारा कोसांवर भाषा बदलते म्हणतात. यांची एकाच स्टुलावर बदलते. गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी: "बस ना बावा, काहून घाई करून राह्यला?" पंपाशी हिंदी: "चल मेरे राजा, थोडा प्रेशर दिखा." मी एकदा विचारलं, पंपाशी हिंदी कशाला? म्हणाले, "मशीनले मराठी नाही समजत. मी पाह्यलं करून."

शुद्ध मराठी मात्र रागासाठी राखून ठेवलेली. आसेगावच्या एका गड्यानं नवंकोरं नोझल तोडून आणलं आणि वर यांनाच दोष देऊ लागला. वामनभाऊंनी पान्हा खाली ठेवला. "आपण आपला पंप घ्यावा आणि येथून निघावे." गडी पंप तिथेच टाकून गेला. शिवी दिली असती तर चहा पिऊन गेला असता.

मागच्या वर्षी वहिनी गेल्या. मुलगा निखिल पुण्याला नोकरीला. तो यांना न्यायला आला होता. यांनी नाही म्हटलं, दोघांचं जरा वाजलंही. तेव्हापासून रविवारी त्याचा फोन येतो. वामनभाऊ फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे मला ऐकावाच लागतो.

"बाबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? जेवलात का?"

"होय. मी जेवलो आहे. तुझे काही काम होते काय?"

फोन ठेवून ते एकदा म्हणाले, "पोरगं अजून रागातच हाय."

"अहो, जेवलात का विचारलं त्यानं."

"इचारलं. पण 'तुम्हाला' म्हणून बोलला. 'तुमाले' नाही म्हटलं."

मला हसू आलं. ते पुढे म्हणाले, "तुमच्या वहिनीचं बी तसंच होतं. रुसली का म्हणे, 'तुम्हाला भाकरी वाढू का?' मंग समजाचं, आज काही खरं नाही."

माझं हसू गेलं. घरी जाऊन मी निखिलला फोन लावला आणि सांगितलं, तू 'तुम्हाला' म्हणतोस म्हणून तुझे वडील तुला रागावलेला समजतात. तो म्हणाला, "काका, इथे दिवसभर असंच बोलावं लागतं, तेच तोंडात बसलं. पण बाबाच माझ्याशी शुद्ध बोलतात. मले वाटलं, तेच अजून चिडून हायेत."

म्हणजे वर्षभर लेक विचारपूस करत होता, बाप उत्तरं देत होता आणि दोघांनाही ते भांडण वाटत होतं. मला आधी दोघांचा राग आला, मग फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी वामनभाऊंना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ फडक्यानं हात पुसत बसले. हात कधीच स्वच्छ झाले होते. मग त्यांनी आपण होऊन मुलाला फोन लावला. एरवी ते कधी लावत नसत.

"निखिल," म्हणाले. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडे पाठ केली.

"घरात करमत नाही रे मले."