घरात खोकतं कोण?

गाडीचा एसी बिघडला म्हणून दाजी घाडीगावकरांकडे जावं, तर ते बॉनेटकडे बघत नाहीत. चष्मा कपाळावर चढवून आधी आपल्याला विचारतात, "घरात खोकता कोण?"

पहिल्यांदा मी म्हणालो, "दाजी, खोकत गाडी आहे. डिझेलची आहे."

"गाडीचा मागसून बघू. माणूस सांग."

दाजी आमच्याच लालबागच्या चाळीत, खालच्या मजल्यावर. गिरणी संपाआधी ते मिलमध्ये हवेच्या खात्यात होते. साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात तिथे, हवा दमट नसली की सूत तुटतं. ती दमट राखणं हे दाजींचं काम. संप झाला, मिल उघडलीच नाही, आणि दाजी गाड्यांच्या एसीकडे वळले. "हवा ती हवा," ते म्हणत. "मिल मोठी, मोटार ल्हान."

माझी गाडी जुनी, टॅक्सीवाल्याकडून घेतलेली, एसी मागाहून बसवलेला आणि तोही बिघडलेला. घेतली ती आईसाठी. आईला दमा. तिची थोरली बहीण, माई, फणसवाडीत अंथरुणाला खिळलेली. रोज आईसाठी निरोप यायचा, "शांतीला एकदा बघू दे." आणि आई टॅक्सीत बसली की भायखळ्याच्या पुलाआधीच धुराने कासावीस होऊन परत यायची. बंद काचांची थंड गाडी मिळाली तरच दोघींची भेट होणार होती.

आता इतकी नाजूक कामगिरी शहाण्या माणसाने दाजींवर सोपवली असती. मी आधी स्वतः डॅशबोर्ड उघडला. आतल्या दोन केबली मला अगदी सारख्या दिसल्या, म्हणून मी त्यांना समान वागणूक दिली, एकीची जागा दुसरीला. परिणाम असा की बटण निळ्याकडे फिरवलं की इंजिनाची सगळी ऊब थेट तोंडावर. भर मे महिन्यात लालबागहून कडक इस्त्रीच्या शर्टात निघालो आणि दादरला उकडीचा मोदक होऊन उतरलो.

दाजींनी ते बघितलं आणि चाळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "एसीची चूल केल्यान! झिला, आता मागे भाकरी थाप."

मग त्यांनी दुरुस्ती काढली. केबली सरळ केल्या. बाहेरचा धूर आत ओढणारी झडप उघडीच अडकली होती, ती सोडवली. हवेच्या तोंडावर मलमलचा दुहेरी तुकडा शिवला. शेवटी प्रत्येक झरोक्याला सुताचा एकेक धागा बांधला. धागा नुसता डुलला पाहिजे, फडफडला तर हवा नापास. "हवा राबवूची असता, धाववूची नसता," हे त्यांचं ब्रह्मवाक्य दिवसातून अनेकदा ऐकावं लागे.

एसी गार झाला. त्याच मुहूर्तावर हॉर्न गेला.

"दाजी, हॉर्न!"

"मिलमध्ये कुणाक हॉर्न होतो? भोंगो होतो. तो पण बंद झालो. काय अडला?"

दाजींच्या हातून गाडी कधीच पूर्ण दुरुस्त होत नसे. दुखणं फक्त जागा बदलायचं.

रविवारी आईला मागे बसवलं. दाजी न विचारता तिच्या शेजारी जाऊन बसले. पुलावर एक ट्रक आमच्यापुढे काळा धूर ओकत होता. आईने सवयीने पदर नाकाला लावला. दाजी रस्त्याकडे नाही, धाग्याकडे नाही, आईच्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने आईने पदर खाली घेतला आणि माईला आंबाबर्फी आवडते की नाही, यावर बोलायला लागली.

फणसवाडीत दोघी बहिणी एकमेकींचे हात धरून बसल्या. मी डोळे पुसत खाली आलो. दाजी काचा लावून गाडीतच होते.

"खोकली वैनी?"

"नाही."

"एकदा पण नाय?"

"एकदाही नाही, दाजी. तुमचे उपकार—"

"ऱ्हवांदे." ते धाग्याकडे बघत राहिले. "आमची बायको वायंडिंगात होती, सूत गुंडाळूक. कापसाचो भुगो उडायचो. ती खोकत म्हणायची, एक खिडकी उघडा. पण वारो लागलो तर सूत तुटायचा. खिडकेची चावी माझ्याकडेच." त्यांनी धागा बोटाने सरळ केला. "सूत नाय तुटला कधी माझ्या खात्यात."

 

परतताना आई माईचंच बोलत होती. मधेच म्हणाली, "दाजी, काय छान हवा केलीत हो! झोपच लागेल." दाजींनी नुसती मान हलवली. आणि आई खरंच झोपली.

भायखळ्याला एक हातगाडीवाला आडवा आला. हॉर्न नव्हताच, म्हणून ओरडण्यासाठी मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं.

मागून दाजींचा दबका, पण कॉलर धरावी तसा आवाज आला.

"काच वर कर मेल्या! वैनी बसल्यात आत!"