पाठमोऱ्या सिनेमाची बखर

श्री. तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या दौलतीत, आवडता सिनेमा कोणता या एका सवालावरून जो रणसंग्राम मातला, आणि त्यात सुईदोराप्रतिपालक, कॉलरकफमर्दिनी, शिवणविद्याधुरंधर श्रीमंत टेलरबाईसाहेब यांनी जी शर्थ केली, तिची ही साद्यंत हकीकत. मजकूर सिद्ध जाहल्यावर घरच्या मंडळींस वाचावयास दिला, आणि ज्याने जेथे हरकत घेतली ती त्याच्याच बोलीत त्याच जागी समासात राहू दिली असे. जे घडले ते लिहिले. जे घडले नाही तेही थोडे लिहिले, पण शोभेपुरते.

प्रथम मुलुखाची रचना. बाहेरच्या खोलीस खिडकी एक, आणि उजेड तेवढाच. म्हणोन बाईसाहेबांचे शिलाई मशीन खिडकीस तोंड करून मांडिले. प्लगाची जागा समोरच्या भिंतीस, म्हणोन टीव्ही तिकडे. ऐसे होता होता तीस वर्षे बाईसाहेबांची पाठ टीव्हीकडे, आणि मध्ये सोफ्याच्या तख्तावर खासे पतिराज, बस डेपोचे टाइमकीपर, हल्ली निवृत्त. ते पहिल्या पाळीच्या समस्त गाड्यांची हजेरी घेऊन दुपारी दोनास स्वगृही येत, आणि बूट काढीत, आणि टीव्ही लावीत, आणि मग दोन घटका जगाशी तह करीत.

त्या दुपारच्या वक्ती एका वाहिनीवर एकच जुना सिनेमा दर दोन-तीन महिन्यांनी हटकून लागे. त्यातील वर्तमान ऐसे की, जहाजावरचा एक आचारी बारा वर्षांनी गावी परततो, आणि त्यास कोणी ओळखत नाही, आणि एक खट मावशी खिडकीतून त्यास वाट्टेल ते बोलते, आणि तो दारोदार हिंडून अखेरीस आपल्या घराचे दार ठोठावतो. कडी निघते. दार करकरते. आणि मग सात सेकंद काही नाही. ना गाणे, ना बोलणे, ना सनई. मग मावशी मोठ्याने हसते, आणि सिनेमा संपतो.

तर त्या सात सेकंदांत बाईसाहेबांचे मशीन थांबे. गिऱ्हाईक दारात खोळंबले असो, बाही अर्धी लागली असो, पायडलवरचा पाय जागच्या जागी मुक्काम करी. मावशी हसली की मशीन पुन्हा दौडू लागे. हे लेकीने लहानपणापासून ऐकिले, पतिराजांनी ऐकिले, आणि घरात दाखलाच पडला की हा सिनेमा बाईसाहेबांचा परम आवडता. याचा कोणी तपास केला नाही. बाईसाहेबांस कोणी पुसले नाही.

मग बाईसाहेबांचे डोळ्यांत मोतीबिंदूने ठाणे दिले. काळा दोरा निळा दिसो लागला, आणि एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यास पिवळी बटणे लागून गेली, तेव्हा डोळ्यांचे डॉक्टर यांजकडे स्वारी गेली आणि गनीम काढून लाविला. डॉक्टरांनी फर्मान दिले की पंधरा दिवस शिवण नाही, टीव्हीचा पडदा नाही, वाकणे नाही, डोळे चोळणे तर बिलकूल नाही. त्याबरहुकूम सर्व जाहले. सोळाव्या दिवशी खिडकीतून पाहता समोरच्या गच्चीवरील दोरीस कपड्यांचे चिमटे सतरा आहेत, त्यांपैकी चार तुटके, हे बाईसाहेबांनी एका नजरेत मोजिले आणि घरात आनंदाची नौबत झडली.

[समासात, लेकीच्या अक्षरात: नौबत नाही. बाबांनी कुकरचं झाकण आपटलं, तेही चुकून.]

लेक औषधाच्या दुकानी कामास, सासरी राहणारी, परंतु माहेरच्या कारभारावर करडी नजर ठेवणारी. तिने फोनवरून खलिता धाडिला की नव्या डोळ्यांनी पहिला सिनेमा पाहणे तो आईसाहेबांचा आवडताच पाहणे, सिनेमा आपण मोबाइलातून टीव्हीवर उतरवू, येत्या रविवारी दुपारी हजर होत आहे. खलिता वाचून पतिराज संतोषले. बाईसाहेबांचे तोंडचे पाणी पळाले.

आता त्यांनी किल्ला कैसा लढविला ते ऐका. पहिल्या रविवारी डोळ्यांत थेंब घातल्याने धूसर दिसते हे कारण पुढे केले आणि लेकीचा हल्ला परतविला. दुसऱ्या रविवारी अस्तराचा रंग जुळवावयाचा म्हणोन बाजारात निघून गेल्या, आणि दुकान बंद असता अर्धा प्रहर बंद दुकानाकडे पाहत उभ्या राहिल्या. तिसऱ्या रविवारी पतिराजांसच बटणे आणावयास पिटाळिले, की ते नाहीत तर सिनेमा कैसा लावावा.

[समासात, लेकीच्या अक्षरात: तीन नाही, चार रविवार. चौथ्याला ती पंखा पुसत होती. नुकतंच ऑपरेशन झालेली बाई, स्टुलावर!]

पाचव्या रविवारी लेकीने वेढा आवळला. बिस्किटांची रसद घेऊन ती सकाळीच दाखल जाहली, स्टूल आतल्या खोलीत कैद केले, अस्तराचे तुकडे जप्त केले, आणि दरवाज्याशी खुर्ची टाकून मोर्चा धरिला. बाईसाहेबांनी शेवटची मसलत केली की सिनेमा पाहू, पण दुसरा कोणताही पाहू, नवा पाहू, पाहिलेलाच पुन्हा काय पाहायचा. येथून मोठा खल माजला.

टाइमकीपरसाहेब कधी बोलत नसत, ते बोलिले. त्यांचे म्हणणे ऐसे की नवा सिनेमा म्हणजे नवा ड्रायव्हर, कोठे थांबेल आणि कोठे सुटेल याचा भरवसा नाही. जुना सिनेमा वेळेवर येतो. मावशीच्या तोंडाचा पहिला पट्टा बेचाळिसाव्या मिनिटाला, आणि तीस वर्षांत ती एकदाही त्रेचाळिसाव्याला बोलली नाही. ऐसा ठोक्यावर कारभार करणाऱ्या गाड्या आपल्या अमलात तीनसुद्धा नव्हत्या. लेक म्हणाली की तिचे तैसे नाही. दिवसभर दुकानात माणसे चिठ्ठ्या घेऊन येतात, आणि कोणाचे काय होईल ते कळत नाही, म्हणोन घरी गेल्यावर तीस ज्याचा शेवट ठाऊक तोच सिनेमा लागतो. त्यातही कुत्रे मरते तेवढा भाग ती पुढे ढकलते.

"म्हणजे कुत्रं वाचतं होय तुझ्याकडे?" टाइमकीपर म्हणाले.

"माझ्याकडे वाचतं. आई, तुझं बोल. तुला त्यात काय आवडतं?"

बाईसाहेब खिडकीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तो पाहिलाच नाहीये."

"काय?"

"ऐकलाय. पाहिला कधी? माझी पाठ कुठे असायची, आठव की जरा."

लेकीने मशीनकडे पाहिले, मग टीव्हीकडे, मग पुन्हा मशीनकडे, आणि खोलीचा नकाशा तिला जन्मात प्रथम उमगला. टाइमकीपरसाहेबांच्या हातातील बिस्कीट चहात बुडाले ते बुडालेच.

"अगं पण एकदा तरी मान वळवायचीस!"

"मान वळवली की टीप वाकडी जाते, अहो. आणि नंतर नंतर... वळवावीशी वाटेना."

मग बाईसाहेबांनी जे कोणास सांगितले नव्हते ते सांगितले. त्या सिनेमातील आचारी त्यांनी आवाजावरून बेतला होता, उंच, किंचित वाकलेला, बाह्या आखूड पडणारा. मावशी लठ्ठ. घर निळ्या दाराचे. आणि ते सात सेकंद तर त्यांनी थोडे थोडे करून तीस वर्षे भरून काढिले होते: बायको काय नेसून दारात आली, तिने आधी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले की हाताकडे, आणि कोण पहिल्याने रडले. दर खेपेस थोडे सैल करावे, थोडे आत घ्यावे. नीट बसले नाही म्हणोनच पुन्हा ऐकावे वाटे.

"कानानं शिवलंय सगळं," त्या म्हणाल्या. "आता डोळ्यानं उसवलं तर? या वयात परत कोण शिवत बसणार?"

लेकीने तत्क्षणी वेढा उठविला. म्हणाली, राहू दे, नको, मी आपली उगाच हट्टाला पेटले होते, चल दुसरं काहीतरी लावू. टाइमकीपरसाहेबांनी सांत्वनासाठी तोंड उघडिले, की अगं त्यात घाबरण्यासारखं काय, तो आचारी दिसायला अगदी साधा, आपल्या त्या...

"सांगू नका!"

ही गर्जना ऐसी जाहली की खालच्या मजल्यावरचे दार उघडिले गेले.

बाईसाहेब उठल्या. दोन वेळा मशीनपर्यंत गेल्या आणि परत आल्या. कात्री उचलली, ठेवली. आणि त्यांच्या मनाने पलटी खाल्ली, ती ऐसी की तीस वर्षांत त्यांनी एकही कपडा गिऱ्हाइकाच्या अंगास लावून पाहिल्यावाचून दिला नव्हता. कपडा बसला नाही तर तसे तोंडावर ऐकून घेतले होते, घडी घालून कपाटात लपविला नव्हता.

"ट्रायल घेऊ," त्या म्हणाल्या. "लाव."

मग तयारीस उधाण आले. पडदे ओढिले. रिमोटातील सेल उतरलेले निघाले म्हणोन भिंतीवरील घड्याळाचे काढून भरिले, आणि टाइमकीपरसाहेबांच्या घरात काळ थांबला, तेही त्यांच्या संमतीने. मशीनपुढील खुर्ची उचलून, फिरवून, टीव्हीसन्मुख मांडिली. खुर्चीच्या पायांनी फरशीस तीस वर्षांत चार खळगे पाडिले होते, ते उघडे पडले. बाईसाहेब आसनस्थ जाहल्या, चष्मा नाही, हात मांडीवर, आणि सिनेमा सुरू जाहला.

पहिला हबका आचाऱ्याचा. तो ठेंगणा निघाला, आणि गोल. बाईसाहेबांनी डोळे बारीक केले. दुसरा हबका मावशीचा, जी काडीसारखी वाळकी. बेचाळिसाव्या मिनिटाला एवढ्या काडीतून तेवढा आवाज निघताना पाहून बाईसाहेब "अगं बाई!" म्हणाल्या. मग त्यांच्यातील कसबी जागा जाहला. आचाऱ्याची कॉलर एका बाजूस पाव इंच खाली आहे. याच रस्त्यावर मघाशी त्याच्या शर्टास दोन खिसे होते, आता एकच. "हा शर्ट कुणी बेतलाय? खांदा कुठे, बाही कुठे!" ऐसे ताशेरे झडू लागले, आणि लेक हसू लागली, आणि हल्ला उलटून बाईसाहेबच सिनेमावर चाल करून निघाल्या. परंतु तासाभराने त्यांचा आवाज उतरला. ताशेरे थांबले. निळे दार आता येणार होते.

दार तपकिरी होते.

"पुढे ढकलू का?" लेकीने विचारले.

"हात लावशील तर बघ."

आचारी पायरी चढला. ठोठावले. कडी निघाली. दार करकरले, आत काळोख, तो काळोखात गेला, आणि दार त्याच्या पाठीमागे बंद जाहले. कॅमेरा बाहेरच राहिला. बंद दार, तपकिरी, त्यावर उन्हाचा एक पट्टा. एक सेकंद, दोन, तीन. बाईसाहेब पुढे वाकल्या. चार, पाच. कोणी आले नाही. सहा. सात. मावशी हसली.

"दाखवतच नाहीत!" बाईसाहेबांनी मांडीवर थाप मारिली. "अहो, आतलं दाखवतच नाहीत! इतकी वर्षं हेच होतं का इथे? नुसतं दार?"

आणि त्या वळल्या, तो पतिराजांची नजर पडद्यावर नव्हती. ते मागे, खिडकीजवळच्या रिकाम्या मशीनकडे पाहत होते.

"मला काय माहीत?" टाइमकीपर दचकून म्हणाले. "या ठिकाणी मशीन थांबायचं. मी तिकडे बघायचो."

"तीस वर्षं?"

"तू थांबलीस की मी बघायचो. काय झालं, दोरा तुटला की काय... तोवर ती मावशी हसायची."

[समासात, टाइमकीपरसाहेबांच्या अक्षरात: एवढं सगळं लिहायलाच हवं होतं का?]

बाईसाहेब पतिराजांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. किती वेळ, हे सांगता येत नाही, घड्याळातील सेल रिमोटात होते. मग बाईसाहेबांनी हुकूम केला की सिनेमा मागे नेणे, दार लागेपर्यंत आणणे आणि तेथेच रोखून धरणे. लेकीने तैसे केले. तपकिरी दार पडद्यावर ठाण मांडून राहिले. बाईसाहेबांनी खुर्ची सोडिली, आणि सोफ्यावर पतिराजांच्या शेजारी बैठक घेतली, आणि म्हणाल्या:

"आता तुम्ही दाराकडे बघा. आत काय झालं ते मी सांगते."

सांगणे सुरू जाहले. चहा दोन वेळा जाहला, बिस्किटे संपली. मध्यंतरी टाइमकीपरसाहेबांनी एक शंका काढिली की बारा वर्षांनी नवरा आला तर बाई आधी त्याच्या बटणाकडे कशी पाहील, त्यावर त्यांस ऐसे काही सुनावण्यात आले की त्यांनी आपल्याच बटणावर हात ठेविला. लेकीने एकदाच डोळे पुसले आणि पंख्याची धूळ गेली म्हणाली. दाराच्या आत काय घडले याची नक्कल बखरकाराने मागितली, ती तिघांनीही दिली नाही.

येणेप्रमाणे पाचव्या रविवारी, ऊन खिडकीतून उतरले असता, आवडत्या सिनेमाचा प्रदेश श्रीमंत टेलरबाईसाहेबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून पुनश्च आपल्या अमलाखाली आणिला. आचारी ठेंगणा, मावशी वाळकी, कॉलर वाकडी, एवढे मुलूख गनिमाकडे गेले ते गेले. दाराच्या आतील सात सेकंदांचा बालेकिल्ला पूर्ववत बाईसाहेबांकडे, आणि आता त्यात पतिराजांस कायमचा प्रवेश, लेकीस पूर्वपरवानगीने. फत्ते जाहली ती दर्ज केली असे.

[समासात, टेलरबाईसाहेबांच्या अक्षरात: दार निळंच आहे.]