सरदारांच्या वाकड्या पेट्यांची हकिकत

श्रीगजानन सर्वांची रेघ सरळ ठेवो. शके सोळाशे अठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, ते समयी एके राज्यी सरदार रायाजीराव यांची पांढरी घोडी म्हातारी होऊन तिने दाणा सोडिला, आणि सरदारांचे काळीज तुटले, आणि मनी आले की ती आहे तोवर तिचे चित्र आपले हाते काढून ठेवावे. मग सरदार चित्रशाळेत दाखल जाहाले. तेथील पंतोजींचा शिरस्ता ऐसा की, नवशिक्याने आधी कागदावर चौकोनी पेट्यांची चित्रे काढून भिंतीस लावावी, दुसऱ्या कोणी चूक दाखवावी, ती सुधारावी, मगच घोड्यास हात घालावा; आणि चूक दाखवील त्यानेही आपली पेटी लावून ऐकून घ्यावे. सरदारांच्या पेट्या चहूंकडून कलंडल्या होत्या. परंतु हात तलवारीचे मुठीवर, तेणेकरून अवघी शाळा बोलिली, "वाहवा! चूक म्हणून सापडत नाही!" मग चूक नाही म्हणून सुधारणा नाही, आणि सुधारणा नाही म्हणून घोडी नाही. सरदार गर्जले, "अरे, कोणी तरी नावे ठेवा!" तो निम्मी शाळा खिडकीतून पळाली. इकडे घोडी खंगत चालली.

मग सरदारांस स्मरले की आपणांस बेधडक नावे ठेवणारे माणूस पृथ्वीवर एकच, ते लेकीची सासू सगुणाबाई. आम्हांस पुसाल तर शत्रूस घरी बोलाविणे सोपे. तरी मेणा धाडिला. बाई आल्या, भिंतीपुढे उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "व्याहीबुवा, या पेट्या की चेपलेले डबे? मागल्या कडा पुढच्यांहून मोठ्या कशा? आणि मनगटाने काय खरवडता, खांद्यापासून हात हलवा!" पडले ना मुलीचे बाप! सरदारांनी मान खाली घालून कडा सुधारिल्या, आणि घोडीची परवानगी जाहाली. मग शिरस्त्याप्रमाणे बाईंनीही पेटी काढून लाविली. रेघ थरथरत होती, आणि बाई पदर चाळवीत खाली पाहत राहिल्या. लेकीच्या लग्नापासूनचे साठलेले सर्व सरदारांच्या ओठी आले, परंतु ते इतकेच बोलिले, "विहीणबाई, बरी निघाली. अंमळ सावकाश ओढावी." मग उभयता तबेल्यात गेली, आणि सरदारांनी घोडीचे चित्र काढिले. बाई बोलिल्या, "पाठ ताठ काढलीत. म्हातारीची पाठ अशी नसते." सरदारांनी पाठ वाकविली, तो कागदावर घोडी ओळखू आली, आणि एवढा लढवय्या ढसढसा रडला. बाईंनीही डोळे पुसले, आणि मग बोलिल्या, "आता शेपूट पुन्हा काढा."

सारांश, घोडी श्रावणात गेली, चित्र राहिले. शेपूट अद्याप चुकलेलेच आहे, ऐसे बाईंचे म्हणणे, आणि सरदार ते रोज सुधारीत असतात.